जास्तीचं बोंड

शारजाच्या औद्योगिक वस्तीत, टायरवाल्यांच्या मागं
आमचं भरतकामाचं दुकान. बारा सुयांची दोन यंत्रं
आणि एक जुनं, जे फक्त मोक्तारचं ऐकतं.
रोजचं काम ससाण्याचं:
शाळेच्या खिशावर ससाणा, पहारेकऱ्याच्या टोपीवर ससाणा.
सोनेरी दोरा संपतो तो त्याच्यापायीच.

ऑगस्टात गरुड आला.
फाईल उघडली तर पडद्यावर पाणी, पाण्यात खडक,
खडकावर निवडुंग, निवडुंगावर
एका पायावर तोल सांभाळत तो,
दुसऱ्या पंज्यात साप, चोचीतही तोच साप.
खाली दोन फांद्या, रिबिनीनं बांधलेल्या.
मेक्सिको, रेजी म्हणाला. चाळीस झेंडे. सोळा सप्टेंबरच्या आत.

हिरवा, पांढरा, लाल. मोक्तार म्हणाला,
इथल्याच झेंड्यातला काळा काढलाय.
रेजी म्हणाला, पक्षी काढ, इटली होईल.
मी काही बोललो नाही.
कीर्तनात ऐकलेला गरुड आईला दास्यातून सोडवायला
अमृत आणायला गेला होता; साप म्हणजे त्याचे मावसभाऊ.
ह्याच्या आईचं काय, ते फाईलीत नव्हतं.

आणि निवडुंग तर ओळखीचा.
हा आमचा फड्या.
सोलापुरात, सूतगिरणीच्या भिंतीबाहेर
रंगाचं पाणी सांडायचं तिथं दाट माजलेला.
बोंडं काठीनं पाडायची, चपलेखाली लोळवायची
कुसळं जाईपर्यंत (सगळी कधीच जात नाहीत),
मग फोडायची.
जीभ दोन दिवस गुन्हा कबूल करत राहायची.
आई दारातच थांबवायची: जीभ काढ.
आत वडील जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत बसलेले.
भोक म्हणजे धागा वर. भोक नाही म्हणजे धागा खाली.
एक मोर म्हणजे चौदाशे पुठ्ठे.

गरुड एकोणीस हजार टाक्यांचा झाला.
त्यात मी एकशे चाळीस घातले,
उजव्या फड्याच्या कडेला. एक बोंड. लाल.
का घातलं ते रेजीला नंतरही सांगता आलं नाही.
यंत्र चालू केलं, आणि रात्रभर
चाळीस वेळा ते उगवत राहिलं.

बाईंचं नाव शिमेना ओरोपेसा. शाळेत स्पॅनिश शिकवतात.
झेंडे पाटावर पसरले, चष्मा डोक्यावरून खाली घेतला,
सापाच्या शेपटीची खुळखुळी बघितली, पिसं बघितली,
मग बोट थांबलं.
हे काय आहे?

माझ्याकडं दुकानापुरतं इंग्रजी:
साईज, कलर, डिलिव्हरी, सॉरी.
चारातलं एकही कामाचं नव्हतं.
मी लाल दोऱ्यावर बोट ठेवलं
आणि जीभ बाहेर काढली.

रेजीचा चेहरा मी बघितला नाही.
बाईंचा बघितला.
त्या थोडा वेळ तशाच उभ्या,
मग दारापर्यंत जाऊन आल्या,
मग त्यांनीही काढली.
तुना, त्या म्हणाल्या.
बोंड, मी म्हणालो.
मग रेजीच्या तोंडून हिंदीत कळलं:
हे झाड मुळात त्यांच्याकडचं. जहाजात बसून
तुमच्याकडं गेलं आणि परत आलंच नाही.
मी इतकी वर्षं त्याला गावचं समजत होतो.

तरी काढावं लागेल, बाई म्हणाल्या. हळू म्हणाल्या.
चिन्हाचा कायदा असतो. त्यात आपलं काही घालता येत नाही.

दोन रात्री ब्लेडनं उसवत बसलो.
मोक्तार शेजारी लाल धाग्याची गोळी करत होता;
ती त्यानं खिशात टाकली, कशाला ते विचारलं नाही.
पैसे माझ्या पगारातून गेले, ते ठीक.
शेवटचा झेंडा ट्यूबलाइटसमोर धरला.
लाल कुठंच नव्हतं.
फड्याच्या कडेला बारीक भोकं होती,
त्यातून उजेड येत होता,
आणि मी ती डावीकडून उजवीकडं
वडिलांसारखी वाचत गेलो:
वर, वर, खाली, वर.